दोन थैल्यांमधली फट : संशोधकाच्या पैशाचा एक इतिहास

१/
गेल्या महिन्यात एका रविवारी, कासार आंबोलीच्या आमच्या घरी, बाबांनी मला एक प्रश्न विचारला. "पीएच.डी. करायची तर कर. पण पाच वर्षं पैसे कोण देणार?" बाबा पिरंगुटच्या एका कारखान्यात आहेत. ठरलेल्या तारखेला पगार खात्यात जमा होतो, हा त्यांच्या जगाचा पाया. मी इतिहासात एम.ए. केलेली मुलगी. मी म्हटले, "थोडे विद्यापीठाकडून, थोडे बाहेरून." बाबा म्हणाले, "म्हणजे दोघांपैकी कुणाचाच भरवसा नाही."

त्या वाक्याला उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा.

२/
थोर माणसांच्या चरित्रांत एक वाक्य हमखास भेटते : 'शिष्यवृत्ती मिळवून ते उच्च शिक्षणासाठी परदेशी गेले.' वाक्य संपते आणि पुढच्या परिच्छेदात पदवी हातात असते. मधला हिशेब गळून गेलेला असतो. शिष्यवृत्ती कुणाची होती, किती महिन्यांची होती, कोणत्या अटीवर होती, ती संपली तेव्हा प्रबंध कुठवर आला होता, आणि दुसरी थैली उघडेपर्यंत माणूस काय खात होता, यांपैकी काहीच त्या वाक्यात नसते. मला आज त्या गळलेल्या भागाविषयी लिहायचे आहे. कारण एकाच थैलीवर संशोधन पुरे झाले, असे उदाहरण आपल्याकडे शोधूनच काढावे लागते.

३/
सुरुवात पुण्यापासून करू. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मुळात तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांकडे आली. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. नव्या राज्याविषयी पुण्यात आधीच असंतोष होता, त्यात हजारो घरांचे वर्षासन तोडणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने तिच्यात कपात केली आणि तिचा प्रवाह हळूहळू वळवला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती या वळवलेल्या पैशाच्या आधाराने. १८५० च्या सुमारास लोकहितवादींसारख्या सुधारकांनी आग्रह धरला की या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांना द्यावा. त्यावरून शहरात मोठे वादळ झाले. दक्षिणा प्राइज कमिटी जन्मली ती या वादातून.

४/
आणि मग त्याच निधीतून 'दक्षिणा फेलो' हे पद निघाले. पदवीधराने महाविद्यालयात राहावे, पुढचा अभ्यास करावा, थोडे शिकवावे आणि दरमहा ठराविक रक्कम घ्यावी, अशी ही व्यवस्था. आज ज्याला आपण अधिछात्रवृत्ती म्हणतो, तिचे हे महाराष्ट्रातले जुने रूप. पर्वतीच्या रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा संशोधकाचे मासिक वेतन झाली. पैसा तोच राहिला. पात्रतेची परीक्षा मात्र वेदपठणाऐवजी इंग्रजी उत्तरपत्रिकेतून होऊ लागली.

५/
महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयात आधी कनिष्ठ दक्षिणा फेलो होते, दरमहा ६० रुपयांवर. मग ज्येष्ठ फेलो झाले, दरमहा १२० रुपयांवर. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए., १८६६ मध्ये एलएल.बी. एक थैली संपण्याआधी दुसरी उघडत गेली, आणि दोन्ही एकाच छताखाली होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर हे जेआरएफ-एसआरएफचे आदर्श रूपच म्हणावे लागेल.

पण याच रानड्यांच्या चरित्रकारांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्याची तुलना मराठी राज्याशी केली, आणि ती इंग्रजांना मानवली नाही. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती थांबवली. म्हणजे आदर्श रूपातही फट होतीच. तिची लांबी निबंधातल्या मतावर ठरत होती.

६/
आता आमच्या तालुक्याकडे येते. मुळशी म्हटले की धरण आठवते आणि धरणाबरोबर सेनापती बापट. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी इथे मिळाली. आमच्या भागात हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. फार कमी जणांना ठाऊक असते ते हे, की मुळशीचा हा सेनापती एके काळी मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेला विद्यार्थी होता.

७/
पारनेरचे बापट डेक्कन महाविद्यालयातून पदवीधर झाले. सर मंगळदास नथुभाई या मुंबईच्या धनिकाने विद्यापीठाकडे जी देणगी ठेवली होती, तिच्यातून चालणारी शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि १९०४ मध्ये ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. येथे रचना लक्षात घ्यावी. पैसा बाहेरच्या दात्याचा, निवड विद्यापीठाची, शिक्षण तिसऱ्याच देशात. तीन पक्ष आणि त्यांच्यामध्ये एक विद्यार्थी.

बापटांनी तिथे हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीवर टीका करणारे भाषण केले. शिष्यवृत्ती गेली. शिक्षण मोडले. तिथून ते सावरकरांच्या वर्तुळात आणि पुढे पॅरिसला बाँबची विद्या शिकायला गेले. अभियंता व्हायला पाठवलेला विद्यार्थी सतरा वर्षांनी एका धरणाच्या विरोधात उभा राहिला, हा इतिहासाचा विनोद मी अनेकदा मित्रांना ऐकवते. पण त्यात विनोदापेक्षा हिशेब जास्त आहे. दुसरी थैली नसलेल्या माणसाची पहिली थैली काढून घेतली, की त्याचा रस्ता पूर्णपणे बदलतो.

८/
अटींचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये लंडनहून हिंदी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट अशी, की परतल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. सावरकर १९०६ मध्ये याच मालिकेतील 'शिवाजी शिष्यवृत्ती'वर गेले. आणि याच्या बरोबर उलट, रघुनाथ परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, आणि आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसनमध्ये अल्प वेतनावर शिकवायला परत आले. कुणी म्हणे आमची सेवा कर, कुणी म्हणे त्यांची सेवा करू नकोस. संशोधकाच्या पैशाला कुणाची तरी इच्छा चिकटलेली असतेच. दोन थैल्या एकत्र करायच्या म्हणजे दोन इच्छाही एकत्र कराव्या लागतात.

९/
आता मुख्य प्रकरण. बाहेरचा पैसा आणि विद्यापीठ यांची सांगड घालण्याचा सर्वांत तपशीलवार आणि सर्वांत अवघड मराठी इतिहास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. आपण तो ज्ञानाच्या जिद्दीचा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण या धाग्यापुरता तो रोजकीर्दीसारखा वाचू.

१०/
१९१२ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. त्या शिक्षणालाही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची मदत होती. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी करार झाला : न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी.

साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या काळी रुपया सोळा पेन्सांचा, म्हणजे १५ रुपयांना एक पौंड. महिन्याला सुमारे १७२ रुपये. तीन वर्षांचे एकूण ४१४ पौंड. यात न्यू यॉर्कमधले राहणे, खाणे, पुस्तके, आणि मुंबईत मागे राहिलेल्या कुटुंबाला पाठवायचे पैसे.

११/
तीन वर्षांत त्यांनी काय केले ते पाहा. १९१५ मध्ये एम.ए. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध. जून १९१६ मध्ये हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध. शिष्यवृत्तीची मुदतही याच महिन्यात संपत होती. आजचा कुठलाही संशोधक हे वेळापत्रक बघून हसेल, कारण ते माणसाच्या अभ्यासाचे वेळापत्रक नाही. ते थैलीचे वेळापत्रक आहे. प्रबंध जूनमध्ये पुरा झाला, कारण पैसा जूनपर्यंत होता.

१२/
त्यानंतर थोडी मुदतवाढ मिळवून ते लंडनला गेले. ऑक्टोबर १९१६ मध्ये ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. काम नुकते लागी लागले होते, तोच मुदत संपली आणि संस्थानाने परत बोलावले. १९१७ च्या उन्हाळ्यात डी.एससी. अर्धवट टाकून निघावे लागले.

इथे लंडन विद्यापीठाने एक गोष्ट केली. तिच्याकडे चरित्रांत एका ओळीपलीकडे कुणी पाहत नाही. विद्यापीठाने पैसा दिला नाही. त्याने वेळ दिला. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरे करण्याची परवानगी मिळाली. दार बंद न करता कडी तेवढी लावून ठेवली.

१३/
परतीच्या प्रवासात सामान वेगळ्या जहाजातून येत होते. ते जहाज पाणतीराने बुडाले. युद्धाचे दिवस. टॉमस कूक कंपनीने सामानाची नुकसानभरपाई दिली, आणि बडोद्याला रुजू होण्यासाठी जायचा खर्च त्या पैशांतून भागला.

हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. बुडालेल्या पुस्तकांच्या भरपाईवर, करारातली चाकरी फेडायला निघालेला पदव्युत्तर विद्यार्थी. बडोद्यात काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे : कचेरीतली अस्पृश्यता, राहायला जागा न मिळणे, पारशी सराईतून हाकलले जाणे. दहा वर्षांची अट काही दिवसांत मोडून पडली. करार करताना संस्थानाने चाकरी मागितली होती. चाकरी करणाऱ्याला निवारा मिळेल याची हमी करारात कुठे नव्हती.

१४/
मग फट. १९१७ ते १९२०. या तीन वर्षांत लंडनची कडी लावलेली, मुदतीचे घड्याळ चालू, आणि थैली एकही नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात ४५० रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. मार्च १९२० पर्यंत ती केली, काटकसरीने पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियाच्या दिवसांतले पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्ज दिले. जुलै १९२० मध्ये जहाज धरले.

मोजून पाहा : पगारातली बचत, एका संस्थानिकाचे साहाय्य, मित्राचे कर्ज. तीन थैल्या, तिघांची जात-धर्म-दर्जा वेगळा, आणि त्या एकत्र बांधणारा धागा एकच, लंडन विद्यापीठाने दिलेली ती चार वर्षांची मुदत. ती नसती तर हे पैसे जमवून उपयोग काय होता?

१५/
एक उपकथा अर्थशास्त्राच्या मित्रांसाठी. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर गेला होता. १९२१ पर्यंत तो पुन्हा सोळा पेन्सांच्या आसपास कोसळला. ज्याची पुंजी रुपयांत आणि खर्च पौंडांत, अशा लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्याचे घरून येणारे पैसे महिन्यागणिक आकसत होते. आणि त्या वेळी आंबेडकर ज्या प्रबंधावर काम करीत होते त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न, म्हणजे चलनाचा हाच भाव. ज्याच्या खिशातला रुपया रोज हलका होत होता तोच ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात रुपया हलका का होतो ते लिहीत होता.

१९२१ मध्ये एम.एससी., १९२३ मध्ये डी.एससी.

१६/
आणि कोलंबियाची पीएच.डी.? प्रबंध १९१६ मध्ये दिलेला. पदवी १९२७ मध्ये. अकरा वर्षे. कारण कोलंबियाचा त्या काळचा नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे जमा केल्याखेरीज पदवी प्रदान होत नसे. शिष्यवृत्तीत राहण्याखाण्याचा विचार होता. छपाईचा खर्च त्यात कुणी धरला नव्हता. १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ काढला, प्रा. सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. त्यानंतर पदवी आली. ग्रंथ अर्पण केला आहे सयाजीरावांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून.

चाकरीचा करार मोडला होता, तरी कृतज्ञता मोडली नव्हती. मला यात फार मोठेपणा दिसतो. आणि त्याच वेळी हेही दिसते, की संशोधनाचा सगळ्यांत शेवटचा खर्च, छपाईचा, बांधणीचा, शुल्काचा, कुठल्याच थैलीत बसत नाही.

१७/
आणखी एक उदाहरण, थोडक्यात. इरावती कर्वे. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये पदवी. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, १९२८ मध्ये एम.ए. प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण. आणि यासाठी त्यांच्याकडे होती ती 'दक्षिणा फेलोशिप'! रमण्यातली ती जुनी थैली शंभर वर्षांनी एका स्त्रीच्या हाती आली आणि तिच्यावर तिने स्वतःच्याच जातीचे मोजमाप केले. ज्यांनी ती दक्षिणा पहिल्यांदा वाटली त्यांच्या स्वप्नातही हे आले नसते.

पण ती थैली मुंबईपुरती होती. बर्लिनला जायचे तर दुसरी हवी. ती मिळाली डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून, आणि ती कर्जाऊ होती. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना सुनेचे परदेशी जाणे पसंत नव्हते; स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या माणसाने हा विरोध करावा, याचे कोडे मला अजून उलगडलेले नाही. पती दिनकर यांनी साथ दिली. १९३० मध्ये डॉक्टरेट. दक्षिणा अधिक कर्ज, म्हणजेच विद्यापीठ अधिक बाहेरचे.

कर्जावरून आठवले. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला तो देणगी देत नाही, कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. जयंत नारळीकर त्याच्याच साहाय्याने केंब्रिजला गेले. आमच्या तालुक्यात टाटांचे नाव धरणाशी जोडलेले आहे. इतरत्र ते प्रयोगशाळांशी जोडलेले आहे. दोन्ही खरे आहे.

१८/
आता आज. बाबांना जे समजावून सांगायचे होते ते असे.

यूजीसीची जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये. मानव्यविद्यांना वर्षाला आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षे १०,००० आणि नंतर २०,५००. घरभाडे भत्ता वेगळा, पण विद्यापीठाने वसतिगृह दिले नसेल तरच. म्हणजे विद्यापीठाची खोली आणि बाहेरचा भत्ता एकत्र घेता येत नाही. दुसरी कुठलीही अधिछात्रवृत्ती वा पगार घेत नाही, असे लिहून द्यावे लागते. आणि दर महिन्याला विद्यापीठाने पुष्टी केल्याखेरीज रक्कम सुटत नाही. पैसा दिल्लीचा, पण नळाची चावी विद्यापीठातल्या एका टेबलावर.

१९/
जेआरएफ नसेल तर केंद्रीय विद्यापीठांत नेट-विरहित अधिछात्रवृत्ती असते, दरमहा ८,००० रुपये. २०१५ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा दिल्लीत यूजीसीच्या दारात विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला होता. राज्य विद्यापीठांतल्या संशोधकाला तीही नाही. महाराष्ट्रात त्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, आणि या भागातल्या शेकडो पहिल्या पिढीच्या संशोधकांचे घर त्यांवर चालते. मी स्वतः त्यांतल्या एका संस्थेच्या कक्षेत येते.

त्यांची मेख अशी की अर्ज करण्यासाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली हवी. नोंदणी झाली की शुल्क सुरू होते, मुदतीचे घड्याळ सुरू होते. २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षे, कमाल सहा. जाहिरात, चाळणी, मुलाखत, निवड यांत महिने जातात. त्या महिन्यांचे पैसे मिळणार की नाही, यावर गेल्या काही वर्षांत पुण्यात आणि मुंबईत किती उपोषणे झाली! 'नोंदणीच्या दिनांकापासून अधिछात्रवृत्ती द्या' ही मागणी बाहेरच्यांना हट्टाची वाटते. मला ती १९१७ ते १९२० ची मागणी वाटते.

२०/
माझ्या विभागातली एक ताई आहे. नाव आणि संस्था दोन्ही सांगत नाही. नोंदणीनंतर पहिला हप्ता तिच्या खात्यात यायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत तिने एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले, आणि अधिछात्रवृत्ती सुरू होताच ते सोडावे लागले. थकबाकी आली तेव्हा तिने आधी मैत्रिणींचे उसने फेडले, मग वडिलांनी काढलेले सोने-तारण कर्ज. शिल्लक राहिले त्यातून एक जुना लॅपटॉप. "पैसे मिळाले गं," ती म्हणाली, "पण ज्या वर्षी हवे होते त्या वर्षी नाही."

एक लक्षात येते. आंबेडकरांच्या वेळी पैसा थांबला तेव्हा विद्यापीठाने घड्याळ थांबवले. आज पैसा थांबतो तेव्हा घड्याळ चालूच राहते. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत बाहेरची अधिछात्रवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याचे विद्यापीठाकडचे वर्ष राखून ठेवतात, किंवा बाहेरची रक्कम कमी पडली तर वरची भर घालतात, म्हणजे त्याने ते वर्ष शिकवण्यातून मोकळे होऊन अभिलेखागारात घालवावे. तिथेही भांडणे आहेत, पण एक तत्त्व मान्य आहे : बाहेरून आणलेला पैसा ही विद्यार्थ्याची कमाई आहे, त्यासाठी त्याचे दुसरे काही कापून घ्यायचे नाही. आपल्याकडे विद्यापीठांना नवा निधी देणे जमत नसेल, तर निधी अडकलेले महिने मुदतीतून वगळणे तरी जमावे. त्याला एक रुपयाही लागत नाही. लंडनने शंभर वर्षांपूर्वी ते एका अर्जावर केले होते.

२१/
काय काय रीतसर एकत्र करता येते, हेही विचारले जाईल म्हणून सांगते. मासिक वृत्ती एकच. पण तिच्याबरोबर अभिलेखागारांच्या प्रवासासाठीची एकरकमी अनुदाने चालू शकतात. भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेचे अभ्यास-प्रवास अनुदान असते. ब्रिटनमधली कागदपत्रे पाहायची तर चार्ल्स वॉलेस न्यासाची अल्पकालीन मदत असते. मात्र प्रत्येक वेळी दोन्हीकडच्या नियमावल्या वाचून, आधी लेखी परवानगी घेऊन. 'चालतं हो, सगळे घेतात' या वाक्यावर विसंबून कुणी काही घेऊ नये; वसुलीचे पत्र आले की ते वाक्य बोलणारा भेटत नाही.

माझ्या विषयासाठी मला लंडनला जावे लागणार नाही, हे माझे नशीब. मुळशी पेट्यातील जमिनींचे कागद पुण्यातच, आमच्या गावाहून बसने जाण्याच्या अंतरावर आहेत. पण बसचे भाडेही महिन्याच्या शेवटी मोजावे लागते, आणि मोडी वाचायचा सराव पगार देत नाही.

२२/
तर बाबांचा प्रश्न. परवा रात्री जेवणानंतर मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे विद्यापीठाचे घड्याळ : नोंदणी, शुल्क, कोर्सवर्क, सहामाही अहवाल. उजवीकडे बाहेरचा पैसा : परीक्षा, निकाल, निवड, पहिला हप्ता. दोन्हींत महिने भरले. उजवीकडचा रकाना डावीकडच्यापेक्षा अकरा महिने उशिरा सुरू होत होता, आणि हा मी धरलेला चांगला अंदाज.

बाबांनी बराच वेळ पाहिले. मग पेन मागितले आणि मधल्या मोकळ्या जागेवर, अकराही महिन्यांसमोर, एक उभी रेघ ओढून विचारले, "ह्या बाबासाहेबांना पाच हजार देणारा तो पारशी मित्र, त्याचे परत केले का त्यांनी?"

मी म्हटले, "बाबा, कर्जच होतं ते."

"मग लिही," ते म्हणाले. रेघेच्या शेजारी मी 'बाबा' असे लिहिले. त्यांनी ते खोडायला लावले आणि तिथे 'उसने' असे लिहून घेतले. आईने वही उचलून फडताळावर ठेवली. पुढच्या आठवड्यात नोंदणीचा अर्ज भरते आहे.